रात्रीच्या रियाजासाठी परवडणारे इलेक्ट्रिक व्हायोलिन : आठ महिन्यांच्या वापरानंतर

डोंबिवलीत चौथ्या मजल्यावरच्या आमच्या घराची आणि शेजारच्या घराची एक भिंत सामाईक आहे आणि माझी रियाजाची जागा नेमकी त्याच भिंतीला लागून आहे. कचेरीतून घरी पोहोचेपर्यंत साडेआठ वाजतात. जेवण, मुलाचा अभ्यास, दुसऱ्या दिवसाची तयारी हे सगळे आवरून व्हायोलिन हातात येते तेव्हा घड्याळात सव्वादहा झालेले असतात. गेल्या वर्षी शेजारची मुलगी दहावीत गेली. तिच्या आईने तक्रार अशी केली नाही, पण "तुमचा भूप आता तिलाही पाठ झालाय," असे त्या हसत हसत म्हणाल्या आणि मला जे समजायचे ते समजले. तसे पाहिले तर कायदाही त्यांच्याच बाजूने आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत निवासी भागासाठी ४५ डेसिबलची मर्यादा आहे आणि वाजवणाऱ्याच्या डाव्या कानाशी साध्या व्हायोलिनचा आवाज सहज ८५ ते ९५ डेसिबलपर्यंत जातो.

पंधरा हजार रुपयांच्या आत, घरी बसून, हिंदुस्थानी पद्धतीने रात्री वाजवता येईल असे इलेक्ट्रिक व्हायोलिन मिळते का, एवढाच माझा प्रश्न होता. उत्तर शोधण्यात दोन महिने गेले आणि घेतलेल्या वाद्यावर आता आठ महिने वाजवून झाले आहेत. मी कलाकार नाही. सात वर्षे आठवड्यातून एकदा क्लासला जाणारा विद्यार्थी आहे. हे परीक्षण विद्यार्थ्याच्या नजरेतूनच वाचावे.

सर्वांत स्वस्त उपाय आधी सांगतो, कारण कित्येकांचे काम त्यातच भागेल. ब्रिजवर, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या उभ्या लाकडी फळीवर, बसवायचा आवाज दाबणारा जाड रबरी म्यूट अडीचशे-तीनशे रुपयांना मिळतो आणि त्याने आवाज निम्म्याहून कमी झाल्यासारखा वाटतो. धातूचा म्यूट त्याहून जास्त दाबतो, पण तो नीट बसला नसेल तर गजाच्या धक्क्याने खाली पडतो. माझ्या व्हायोलिनच्या पृष्ठभागावर त्याने पाडलेला खळगा अजून दिसतो. सहा आठवडे मी म्यूट लावून वाजवले. आवाज भिंतीपलीकडे पुसटसा जात राहिलाच, शिवाय खर्जाची तार इतकी बोथट होते की तिच्यावरचा लांब गज कुठे घसरला हे कळेनासे होते. ज्यांना फक्त "जरा हळू वाजवा" एवढेच ऐकून घ्यावे लागते त्यांनी म्यूट घ्यावा आणि उरलेले पैसे तारांवर खर्च करावेत. ज्यांना आवाज बंदच करायचा आहे त्यांच्यासाठी पुढचे लिहीत आहे.

लाकडी व्हायोलिनमध्ये तारेचे कंपन ब्रिजमधून पोकळ पेटीत उतरते आणि ती पेटी खोलीभर आवाज करते. तार एकटी फार थोडी हवा हलवते. इलेक्ट्रिक व्हायोलिनमध्ये ती पेटीच काढून टाकलेली असते. तिच्या जागी भरीव लाकूड किंवा नुसती चौकट असते आणि ब्रिजमध्ये किंवा ब्रिजखाली पिझो नावाचा पिकअप असतो, जो दाबातला सूक्ष्म बदल विजेच्या क्षीण संकेतात बदलतो. हा संकेत इतका नाजूक असतो की त्याला लगेच प्रीअँपचा, म्हणजे तो संकेत वाढवणाऱ्या छोट्या सर्किटचा, आधार लागतो. तो प्रीअँप व्हायोलिनच्या अंगातच आहे की बाहेरून जोडायचा आहे, यावर खरेदीचे अर्धे गणित अवलंबून असते, आणि नेमका हाच मुद्दा दुकानातला विक्रेता स्वतःहून सांगत नाही.

याचे सर्वांत चांगले उदाहरण यामाहाच्याच दोन व्हायोलिनांत दिसते. घरातल्या शांत रियाजासाठी म्हणून या कंपनीने १९९७ साली एसव्ही-१०० हे 'सायलेंट व्हायोलिन' बाजारात आणले आणि आजचे वायएसव्ही-१०४ त्याच घराण्यातले आहे. त्याच्यासोबत वेगळी लहानशी कंट्रोल पेटी येते, तिला हेडफोन लागतो, बाहेरचे संगीत आत घेण्याची सोय असते आणि सभागृहात वाजवल्याचा भास देणारी घुमारीही असते. याउलट, अनंताच्या चिन्हासारखी वळलेली अक्रोडाची देखणी चौकट असलेले वायईव्ही-१०४ हे मंचासाठी बनवलेले आहे. त्यात प्रीअँप नाही, बॅटरी नाही आणि हेडफोनचे भोकही नाही. ते घरी आणून त्याला थेट हेडफोन लावायला जाणाऱ्याच्या पदरी निराशाच येईल. तेव्हा 'इलेक्ट्रिक' आणि 'सायलेंट' हे दोन शब्द एकाच अर्थाने घेऊ नयेत. ज्यांच्याकडे असे प्रीअँप नसलेले व्हायोलिन आधीच आहे त्यांनी ते विकण्याची घाई करू नये. गिटारसाठी मिळणारे, थेट जॅकमध्ये खुपसायचे व्हॉक्स अँपप्लगसारखे छोटे यंत्र त्यावर चालते. मात्र त्यातला 'क्लीन' प्रकार घ्यावा, नाहीतर यमनला रॉकचा सूर लागेल.

वायएसव्ही-१०४ मी एका परिचितांकडे तासभर वाजवून पाहिले. हेडफोनमधला आवाज लाकडी वाद्याच्या जवळ जाणारा आहे, वजन हलके आहे आणि गळा हाताला परका वाटत नाही. ज्यांना परवडेल त्यांनी इथेच वाचन थांबवून तेच घ्यावे. माझ्या पंधरा हजारांत ते दूरदूरपर्यंत बसत नव्हते.

त्या खालच्या थरात स्टॅग या बेल्जियमच्या कंपनीचे इंग्रजी एस अक्षराच्या आकाराचे व्हायोलिन आपल्याकडे सर्वांत ओळखीचे आहे. त्यात नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा प्रीअँप अंगातच असतो आणि गज, पेटी, रोझिन (गजाला लावायची राळ) व हेडफोन असा सगळा संच सोबत येतो. अमेरिकेत राहणारे नातेवाईक सुट्टीत येताना काही आणू का विचारतात तेव्हा तिकडे सेसिलिओचे नाव निघते आणि युरोपातून येणारे थोमान या जर्मन दुकानाच्या हार्ले बेंटनचे नाव सांगतात. यांच्याही खाली आठ-दहा हजारांत मिळणारी, कधी एका तर कधी दुसऱ्या नावाने विकली जाणारी चिनी बनावटीची व्हायोलिने असतात. माझे याच शेवटच्या थरातले आहे. त्याचे नाव लिहिण्यात अर्थ नाही, कारण हुबेहूब तसेच व्हायोलिन वेगळ्या नावाचा स्टिकर लावून दुसऱ्या दुकानात मी पाहिले आहे. किंमत ९,८०० रुपये पडली.

एक गोष्ट मात्र मी हट्टाने केली आणि ती केल्याबद्दल स्वतःलाच शाबासकी देतो: छायाचित्र पाहून मागवले नाही. मुंबईत धोबी तलावचे फर्टाडोज हे वाद्यांचे दुकान १८६५ पासून चालू आहे. त्या परिसरात आणि इतरत्रही वाद्य हातात घेऊन पाहू देणारी दुकाने आहेत, आणि शनिवारची एक दुपार त्यासाठी खर्च करावी. मी सोबत शिंप्याची टेप, एक व्हिजिटिंग कार्ड आणि स्वतःचा गज नेला होता. विक्रेत्याने आधी हेडफोन माझ्या कानाला लावला. मी तो काढून ठेवला आणि वीजपुरवठा बंद करूनच वाद्य पाहायला सुरुवात केली, कारण या किमतीत खोट असली तर ती आधी लाकडात असते आणि नंतर विजेच्या जोडणीत.

पूर्ण आकाराच्या व्हायोलिनमध्ये वरच्या नटपासून (गळ्याच्या टोकाशी तारा जिच्यावर टेकतात ती आडवी कड) ब्रिजपर्यंत तारेची लांबी ३२.५ ते ३३ सेंटीमीटर असते. दुकानातल्या तीनपैकी एका नमुन्यात ब्रिज पुढे सरकलेला होता आणि लांबी ३१.८ भरली. सात मिलिमीटर हा फरक कागदावर क्षुल्लक दिसतो, पण ज्याची बोटे लाकडी व्हायोलिनवर सात वर्षे बसली आहेत त्याचा पंचम रोज रात्री कणसूर लागेल आणि सकाळी लाकडी वाद्यावर पुन्हा उलटा कणसूर लागेल. त्या नमुन्यातला ब्रिज मागे सरकवून चालले असते, पण पिकअपची तार त्याच्या पायात इतकी आखूड ठेवलेली होती की ती जागची हलेना. तो नमुना तिथेच बाद झाला.

त्यानंतर नट पाहिली. तार नटपाशी, बोटे दाबायच्या पट्टीपासून एखादे जाड व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढीच उंच असावी. माझ्या निवडीच्या व्हायोलिनमध्ये तिथे दोन कार्डे एकत्र सहज जात होती, म्हणजे पहिल्या बोटाचा कोमल ऋषभ दाबताना बोट दुखणार हे उघड होते. दुसऱ्या टोकाला, जिथे पट्टी संपते तिथे, बारीक तार साधारण साडेतीन आणि जाड तार साडेपाच मिलिमीटर उंच असणे सोयीचे पडते. माझ्याकडे ती मापे पाच आणि साडेसात भरली. स्वस्त व्हायोलिनचा ब्रिज कारखान्यातून असाच उंच, जवळजवळ न तासलेला येतो आणि तो तासणे हे विकत घेणाऱ्याच्याच माथी असते. ही खोट दुरुस्त होणारी असल्यामुळे मी ती स्वीकारली. मापात न बसणारा गळा दुरुस्त होत नाही.

पट्टी काळी दिसली म्हणजे ती शिसवीची किंवा एबनीची असतेच असे नाही. कडेला नखाने हलकेच घासून पाहिले तर रंगाखालचे पांढरे लाकूड डोकावते, आणि माझ्या वाद्यात ते डोकावलेच. मऊ लाकडावर तारांच्या चरा लवकर पडतात आणि मग मींड घेताना बोट चरीत अडखळते. आठ महिन्यांत माझ्या पहिल्या तारेखाली एक फिकट रेघ उमटली आहे. अजून बोटाला ती लागत नाही, पण डोळ्याला दिसते. खुंट्या मात्र अनपेक्षितपणे चांगल्या निघाल्या. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत त्या फुगून अडकल्या आणि डिसेंबरात थोड्या घसरू लागल्या, एवढे तर माझ्या लाकडी व्हायोलिनमध्येही दरवर्षी होते आणि घसरण्यावर दोन्ही वाद्यांत खडूचा इलाज चालतो. चारही तारांना खाली स्वर नेमका जुळवायचे बारीक स्क्रू आहेत, हे मात्र नक्की पाहून घ्यावे.

आता बैठक. बाजारातली बहुतेक माहिती हनुवटी आणि खांदा यांच्यामध्ये व्हायोलिन धरणाऱ्यांना डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेली असते आणि त्यात वजनाचा फार बाऊ केलेला असतो. माझे वाद्य स्वयंपाकघरातल्या काट्यावर बॅटरीसह ६२० ग्रॅम भरले, तर लाकडी ४७० ग्रॅम भरते. उभ्याने वाजवणाऱ्याला हा दीडशे ग्रॅमचा फरक अर्ध्या तासात मानेत जाणवेल. आपण मांडी घालून बसतो, व्हायोलिनचे डोके उजव्या पायाच्या घोट्याशी टेकवतो आणि मागचे टोक छातीला लावतो, त्यामुळे वजन पायावर जाते आणि जड वाद्याचा त्रास मला जवळजवळ झाला नाही.

त्रास झाला तो आकाराचा. लाकडी व्हायोलिनची पाठ छातीवर पसरून टेकते. इथे उजव्या बाजूचा भाग कापून टाकलेला आणि डाव्या बाजूला अंगठ्याएवढी रुंद चौकट, तीही गुळगुळीत रंगवलेली. सुती सदऱ्यावरून ती दर दोन मिनिटांनी खाली सरकत असे आणि गमक घेताना तर सबंध वाद्यच डाव्या हातावर येत असे. त्यातच बॅटरीचे झाकण पाठीमागे असल्यामुळे त्याची कड बरगडीला रुतायची. शेवटी कपाटाच्या फळीवर अंथरायची जाळीदार रबरी मॅट वीतभर कापून छातीशी धरली आणि सरकणे थांबले. ज्या व्हायोलिनांना डोकेच नसते, म्हणजे खुंट्या मागच्या बाजूला असतात आणि गळा पुढे नुसताच संपतो, ती दिसायला सुबक असली तरी भारतीय बैठकीसाठी घेऊ नयेत, कारण घोट्याशी टेकवायला त्यांच्यात काही उरत नाही. दुकानात लाज न बाळगता खाली बसून पाहावे. मी विचारल्यावर विक्रेत्याने स्वतःच एक सतरंजी काढून दिली.

हेडफोनच्या जॅकबरोबर आणखी एक भोक असते, त्याच्याजवळ 'ऑक्स' असे लिहिलेले असते आणि बहुतेकजण त्याच्याकडे दुर्लक्ष करतात. माझ्या मते हिंदुस्थानी संगीत शिकणाऱ्याने त्या एका भोकासाठी दोन हजार रुपये जास्त मोजले तरी हरकत नाही. तानपुरा हवाच, तो मोबाइलवर असेल, पण हवा. ऑक्समधून मोबाइलचा तानपुरा आत घेतला की तो आणि व्हायोलिन एकाच हेडफोनमध्ये ऐकू येतात. ही सोय नसेल तर तानपुरा खोलीत मोठ्याने लावून एक कान उघडा ठेवावा लागतो आणि मग शांत रियाज हा शब्दच फोल ठरतो. हल्लीच्या पुष्कळ मोबाइलना हेडफोनचा जॅक नसतो, म्हणून चार्जिंगच्या भोकात बसणारा छोटा कन्व्हर्टर आणि दोन्ही टोकांना साडेतीन मिलिमीटरची पिन असलेली केबल आधीच घेऊन ठेवावी. पहिल्या रात्री मला तानपुऱ्याच्या मागे एक अखंड गुणगुण ऐकू येत होती आणि व्हायोलिन सदोष आहे असे समजून मी ते परत करायलाही निघालो होतो. मोबाइल चार्जरला लावलेला होता. चार्जर काढला आणि गुणगुण गेली.

हेडफोन तारेचाच वापरावा, कारण ब्लूटूथमध्ये आवाज कानापर्यंत पोहोचायला जो उशीर लागतो तो गाणी ऐकताना कळत नाही, पण गज ओढल्यावर स्वर मागून आला की हात गोंधळतो आणि द्रुत लयीतली तान तर वाजवताच येत नाही. संचात मिळालेला हेडफोन मी दुसऱ्या दिवशी मुलाला देऊन टाकला.

आवाजाविषयी स्पष्ट लिहितो. पिझोचा स्वर नाकातून गायल्यासारखा येतो. बारीक तारेवर तो टोचतो आणि जाड तारेवर पोकळ वाटतो. माझ्या वाद्यावर टोनची एक खिट्टी आहे. ती पुष्कळशी मागे फिरवली की टोचणे कमी होते, परंतु त्याबरोबर स्वराचे तेजही जाते. तिसऱ्या तारेचा आवाज इतर तीन तारांपेक्षा जरा दबलेला आहे आणि ब्रिज तासून घेतल्यावर तो फरक कमी झाला तरी पूर्ण गेला नाही. गजाची खरखर आणि तारेवरून सरकणाऱ्या बोटाचा सुस्कारा हेडफोनमध्ये फार जवळून ऐकू येतो, म्हणून मी रोझिन निम्मे केले आणि बोटांना खोबरेल तेलाचा थेंब पुसून लावू लागलो. दाक्षिणात्य वादकांची ही जुनी सवय इथे दुप्पट कामाला आली.

यात माझ्या जुळणीचाही भाग आहे, तो सांगायला हवा. हे वाद्य कारखान्यातून पाश्चात्त्य पद्धतीच्या जी-डी-ए-ई या स्वरांसाठी तयार होऊन येते. आमच्या क्लासमध्ये पंचम-षड्ज-पंचम-षड्ज अशी जुळणी असते आणि माझा षड्ज काळी एकचा, म्हणजे सी शार्प, आहे. म्हणजे सर्वांत जाड तार अर्धा स्वर चढवावी लागते, मधल्या दोन अर्धा स्वर उतरतात आणि बारीक तार तर दीड स्वर खाली येते. संचातल्या पोलादी तारा इतक्या उतरवल्यावर सैल पडल्या आणि वरच्या षड्जावर गज टेकला की तार हेलकावे खाऊ लागली. डॅडारिओच्या प्रिल्यूड तारा लावल्यावर पुष्कळ सुधारणा झाली. षड्ज काळी एकऐवजी डी म्हणजे पांढरी दोन ठेवला तर बारीक तार एकच स्वर उतरते आणि वाद्य अधिक खूश असते. हल्ली रात्री मी पांढरी दोनमध्येच वाजवतो.

हेडफोन काढल्यावर ते किती शांत आहे, हे मोजायला माझ्याकडे यंत्र नव्हते, माणसे होती. त्याच खोलीत पुस्तक वाचत बसलेल्या पत्नीला ते ऐकू येते, मच्छरदाणीबाहेर घोंगावणाऱ्या डासासारखे, आणि तेवढेच त्रासदायक, असे तिचे म्हणणे आहे. दार लोटल्यावर बाहेरच्या खोलीत काही ऐकू येत नाही. पायाने ताल धरण्याची माझी सवय मात्र खालच्या मजल्यापर्यंत पोहोचत होती, ते खालच्यांनी सांगितल्यावरच कळले. शेजारच्या वहिनी फेब्रुवारीत जिन्यात भेटल्या तेव्हा त्यांनी हळूच विचारले, "काय हो, व्हायोलिन सोडलंत की काय? मुलगी विचारत होती." आदल्याच रात्री मी पाऊण तास मारवा वाजवला होता.

जमाखर्चही मांडतो, कारण ९,८०० हा आकडा फसवा आहे. ब्रिज आणि नट तासून घेण्याचे ८०० रुपये गेले. काम करणाऱ्या कारागिराला आधीच बजावून सांगावे लागले की ब्रिजखाली पिकअप आहे, तेव्हा पायांना हात न लावता फक्त वरची कमान तासायची. नव्या तारा, बरा हेडफोन, कन्व्हर्टर आणि केबल हे सगळे धरून एकूण साडेचौदा हजारांच्या घरात गेलो, म्हणजे माझी मर्यादा पुरती संपली. साधी नऊ व्होल्टची बॅटरी महिनाभर चालते आणि अल्कलाइन जवळजवळ दोन महिने. संपत आली की आवाज आधी फाटतो, मग अचानक गप्प होतो. बटण चालू राहून रात्रीत दोन बॅटऱ्या मी घालवल्या आहेत. आता गजाच्या पेटीच्या झाकणावर आतून 'बटण' असे मोठ्या अक्षरांत लिहिले आहे.

तिसऱ्या महिन्यात हेडफोनचा जॅक सैल होऊन एका कानातला आवाज जाऊ-येऊ लागला. विक्रेत्याकडे एक वर्षाची हमी होती, परंतु ती 'फक्त लाकडी भागाची' आहे असे मला तेव्हा सांगण्यात आले, आणि पावतीच्या मागे बारीक अक्षरांत तसे छापलेलेही होते. कोपऱ्यावर मोबाइल दुरुस्त करणाऱ्या मुलाने तो जॅक दीडशे रुपयांत नवा बसवून दिला आणि तेव्हापासून काही तक्रार नाही. आतले काम इतके साधे आहे की दुरुस्ती कुणीही करू शकतो, हे या स्वस्त वाद्यांचे एक सुखच म्हणायचे. हमी कशाकशाची आहे, हे मात्र पैसे देण्याआधी विचारावे.

लहान मुलांसाठी हे घेऊ नये. अर्ध्या-पाऊण आकारात पर्याय फारसे नसतात, मूल दोन वर्षांत वाढते आणि मुख्य म्हणजे ज्याला अजून गज धरता येत नाही त्याने प्रीअँपच्या आधाराने वाजवायला शिकणे बरे नाही. नवशिक्या प्रौढांनाही मी हे पहिले व्हायोलिन म्हणून सुचवणार नाही. का, ते आमच्या सरांनी एका वाक्यात सांगितले.

वाद्य घेतल्यावर दुसऱ्याच महिन्यात मी ते क्लासला नेले. सर जुन्या वळणाचे आहेत, व्ही. जी. जोग आणि डी. के. दातार या व्हायोलिनवादकांच्या मैफली त्यांनी समोर बसून ऐकल्या आहेत. त्यांनी हेडफोन घातला आणि मला यमनचा आलाप वाजवायला सांगितला. पाच मिनिटे डोळे मिटून ऐकले. मग हेडफोन काढून म्हणाले, "सूर चांगला झालाय. बोटं जागेवर पडतायत. पण तुमचा गज कुठे गेला?" मला आधी उमगले नाही. मग त्यांनी माझे लाकडी व्हायोलिन हातात दिले आणि एकच खर्जाचा षड्ज, पूर्ण गज, सावकाश ओढायला सांगितला. स्वर मध्येच बसला. गजाला द्यायचे वजन हात विसरला होता, कारण इलेक्ट्रिकवर हलका गज ओढला तरी हेडफोनमध्ये स्वर भरघोस येतो आणि जोरात दाबला तरी फारसा मोठा होत नाही. गायकी अंगाच्या वादनात स्वर उगवतो, फुलतो आणि विरतो तो सगळा गजाच्या वजनावर, आणि हा एवढाच भाग हे यंत्र शिकवत नाही, किंबहुना जे शिकलो ते विसरायला लावते. बोटांच्या जागा, मींडेचा मार्ग, पलट्यांची सफाई, तानपुऱ्याशी मिळणारा स्वर, या बाबतीत मात्र आठ महिन्यांत जेवढा फायदा झाला तेवढा त्याआधीच्या दोन वर्षांत झाला नव्हता, कारण त्याआधी रात्री वाजवताच येत नव्हते.

तेव्हापासून क्लासचा एक नियम ठरला आहे. पहिली दहा मिनिटे लाकडी व्हायोलिन, मोकळ्या तारा आणि पूर्ण गज, दुसरे काहीही नाही. सर स्वतः चहा घेत खिडकीशी बसतात आणि माझ्याकडे पाहतही नाहीत. दहा मिनिटे झाली की कप खाली ठेवून ते सांगतात की या आठवड्यात किती रात्री इलेक्ट्रिकवर गेल्या, आणि आजवर त्यांचा आकडा एकापेक्षा जास्त चुकलेला नाही.